मामीचं सलाईन केमोचं नाही, बाबांनो!

परवा रात्री साडेअकराला मामाचा फोन. "अरे, सोमवारचं सलाईन पुढे ढकलू का?" त्याच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर फॉरवर्ड आलेला: 'स्वतःच्या रक्तातून बनते लस! शेवटच्या टप्प्यातला त्वचेचा कॅन्सरही बरा होतो. केमो टाळा. दुष्परिणाम शून्य. शोधाला नोबेल. कंपन्या लपवतात.' मामीच्या तळपायाच्या काळ्या डागाचा मेलानोमा, म्हणजे त्वचेचा कॅन्सर, निघाला आणि तो फुप्फुसात पोचलाय. त्यामुळे हे हसण्यावारी नेता येत नाही.

'केमो टाळा' ही सगळ्यात घातक ओळ. मामीला लागतं ते सलाईन केमोचं नाहीच, ते निवोलुमॅब आहे. कॅन्सर आपल्या टी-पेशींना, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, ब्रेक लावून ठेवतो, हे औषध तो ब्रेक सोडवतं. म्हणजे प्रतिकारशक्ती जागी करायचं जे काम फॉरवर्डवाल्याला लसीकडून हवंय, तेच इथे दर पंधरा दिवसांनी चालू आहे. पण बाटली लटकते, हाताला नळी असते, म्हणून घरात सगळे 'केमो'च म्हणतात. मामीसुद्धा. या एका शब्दापायी चालू उपचार थांबणार होता.

आता 'बरा होतो'. या लसीसाठी रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढायच्या, प्रयोगशाळेत आठवडाभर ठेवून त्यांच्या डेंड्रिटिक पेशी (टी-पेशींना शत्रू दाखवून देणाऱ्या) करायच्या, त्यांना कॅन्सरची ओळख पटवायची आणि परत टोचायच्या. कल्पना सुरेख आहे. 1998 साली 16 पैकी 5 रुग्णांच्या गाठी आटल्या, हेही खरं. पुढचं मात्र फॉरवर्डमध्ये नाही. 2006 साली जर्मनीतल्या डॉक्टरांच्या गटाने 108 रुग्णांत ही लस आणि डॅकार्बाझिन ही जुनी केमो समोरासमोर ठेवली. गाठी आटल्या केमोने 5.5 टक्के रुग्णांत, लसीने 3.8. पहिल्याच आढाव्यानंतर चाचणी गुंडाळली. डॅकार्बाझिन काही मोठा पैलवान नव्हे! ब्राफ जनुकात बदल नसलेल्या रुग्णांत त्याच्याचविरुद्ध निवोलुमॅब उतरलं, तेव्हा वर्षभरानंतर हयात होते 73 टक्के, डॅकार्बाझिनवाले 42. मामीचा ब्राफचा रिपोर्टही निगेटिव्हच आहे, म्हणजे बदल नाही.

नोबेल? मिळालं, 2011 साली, राल्फ स्टाइनमन यांना. पण डेंड्रिटिक पेशीच्या शोधासाठी, लसीसाठी नाही. स्वतःच्या स्वादुपिंडाच्या कॅन्सरवर त्यांनी अशा लसी घेतल्या, केमोही घेतली. पुरस्कार जाहीर व्हायच्या तीन दिवस आधी ते गेले.

लसीचे दुष्परिणाम शून्य नाहीत. ताप येतो, टोचल्या जागी लाली येते. पण बरं, मान्य, त्रास कमीच. निवोलुमॅबने मामीचा थायरॉइड बिघडवला, रोज सकाळी गोळी घ्यावी लागते. आणि ते महागही आहे.

'कंपन्या लपवतात' म्हणे. वरचे सगळे आकडे वैद्यकीय नियतकालिकांत छापून आलेत, लपवलंय कुठे?

मामाला म्हटलं, सोमवारी साडेआठला गाडी घेऊन येतो, फाइल आणि थायरॉइडचा नवा रिपोर्ट पिशवीत टाकून ठेव.