स्कॅन केलं म्हणजे कागद रद्दीत?

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी चढू लागलं की व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो: 'ऑफिसातलं सगळं स्कॅन करा, मूळ कागद रद्दीत घाला. कोर्टात स्कॅनला तीच किंमत. पुराची भीती नाही. खर्च शून्य.' स्कॅन करा, इथवर पटतं. पुढचं नाही.

आधी कोर्टाचं. कागदाचा स्कॅन म्हणजे कायद्याच्या लेखी प्रत. मूळ कुठं आहे असं विचारलं आणि ते आपणच रद्दीवाल्याला घातलेलं असलं, तर समोरचा वकील नेमकं त्यावर बोट ठेवणार. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलमध्ये जरा फेरफार झाला तरी बदलणारा तिचा डिजिटल ठसा, आणि तज्ज्ञाची सही. मोबाइलवर काढलेला फोटो नुसता पुढे सरकवून भागत नाही. मृत्युपत्राला तर इलेक्ट्रॉनिक नोंदींना मान्यता देणारा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० लागूच होत नाही.

मग डिजिटल सातबारा कसा चालतो? तो स्कॅन नाहीच मुळी. १५ रुपये भरून सरकारच्या महाभूमी पोर्टलवरून काढलेल्या उताऱ्यावर डिजिटल सही असते. डिजिलॉकर या सरकारी ॲपचंही तसंच: खात्यानं जारी केलेला दाखला मूळ कागदाइतका ग्राह्य, आपण अपलोड केलेला फोटो नव्हे. मेसेजवाल्यानं या दोन्हींची खिचडी केली आहे.

आता पूर. २०१९ ला शाहूपुरीच्या सखल गल्ल्यांत पाणी आलं. अशा भिजलेल्या फायली उघडताना पानं एकमेकांना चिकटलेली असतात, जोर लावला की फाटतात. बॉलपेनचं लिखाण वाळल्यावर बऱ्यापैकी वाचता येतं, शाईपेनचं पसरून जातं. हाल होतात, खरंय. पण कॉम्प्युटर कुठं असतो? सीपीयू टेबलाखाली फरशीवर, बॅकअपची हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. फायली निदान लोक माळ्यावर तरी टाकतात! एक प्रत क्लाउडवर किंवा पुण्यातल्या भाच्याकडे नसेल, तर पूर दोन्ही एकदमच नेतो.

खर्च शून्य म्हणणाऱ्यानं एकदा दिवसभर पिना काढत बसावं. मालाच्या चलनाची पुढची बाजू झकास येते. माल पोचल्याचा शिक्का आणि सही मागे असली तर ती राहूनच जाते. वर फायलींची नावं 'स्कॅन ००१', 'स्कॅन ००२'. दोन वर्षांनी एखादं बिल शोधायचं म्हटलं की माणूस घाईला येतो.

वजनकाट्याची थर्मल पावती, म्हणजे शाईऐवजी उष्णतेनं छापलेली, मात्र आजच स्कॅन करा, दोन्ही बाजूंनी, गाडी नंबर आणि तारखेच्या नावानं. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळायचे असतात, आणि ही पावती कपाटात नीट ठेवूनही त्याच्या कितीतरी आधी कोरी पडते.