चिनी मालामुळं कारखाना बंद पडला, म्हणून राजीनामा लिहून देऊ नका

परवा मावसभावानं एक व्हॉट्सॲप मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, "दादा, सही करून टाकू का?" तो एमआयडीसीतल्या एका छोट्या नट-बोल्टच्या कारखान्यात मशिनवर आहे. स्वस्त आयात मालापुढं ऑर्डरी तुटल्या, आता मालक युनिट बंद करतोय. तो मेसेज तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. त्याचं म्हणणं असं: अमेरिकेत परदेशी मालामुळं नोकरी गेली तर सरकार दोन वर्षं पूर्ण पगार देतं, भारतात कायद्यानं एक रुपयाही मिळत नाही, कारण आयात काही मालकाच्या हातात नसते, म्हणून देतील ते घ्या, राजीनामा द्या, नाहीतर पीएफ अडकेल.

अमेरिकेचं आधी उरकतो. तिथं 'ट्रेड ॲडजस्टमेंट असिस्टन्स' नावाची योजना १९६२ पासून होती. पूर्ण पगार तिच्यात कधीच नव्हता. अलीकडं तर बेकारी भत्ता संपल्यावर साधारण तेवढीच रक्कम आठवड्याला मिळायची, तीही सहसा प्रशिक्षणाला नाव घातलं तर. संसदेनं मुदत वाढवली नाही, त्यामुळं १ जुलै २०२२ पासून नवे अर्ज मंजूर होणंही थांबलं. गुंडाळलेल्या योजनेचे गोडवे गाऊन इथल्या कामगाराला गप्प बसवायचं, हे मला अजिबात पटत नाही.

'एक रुपयाही मिळत नाही' हे तर धडधडीत खोटं आहे, आणि सगळ्यात घातकही. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ मधलं कलम २५-एफएफएफ काढून वाचा. कारखाना बंद झाला तर किमान वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला नोटीस आणि भरपाई द्यावी लागते. भरपाईचा हिशोब कामगार कपातीसारखाच: नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागं १५ दिवसांचा सरासरी पगार. मालकाच्या ताब्याबाहेरच्या, टाळता न येणाऱ्या कारणानं कारखाना बंद पडला, तर या भरपाईवर तीन महिन्यांच्या सरासरी पगाराची मर्यादा येते. म्हणजे तेव्हाही शून्य नाहीच. आणि त्याच कलमाखालच्या स्पष्टीकरणात लिहिलंय की नुसती आर्थिक अडचण किंवा तोटा, किंवा न खपलेला माल साचून राहणं, हे असं कारण धरलं जाणार नाही. स्वस्त आयातीनं कारखान्याचं दुसरं काय होतं? माल पडून राहतो आणि तोटा होतो. कायदा करणाऱ्यांनी ही पळवाट आधीच बुजवून ठेवली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेनं घेतली, पण तिच्यातही ही तरतूद कायम आहे. शिवाय कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागं मालकानं आणखी १५ दिवसांचा पगार पुनर्कौशल्य निधीत भरायचा आणि तो ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जायचा, अशी भर तिच्यात आहे.

आता भावाला दिलेलं पत्र बघा. छापील मजकूर: "मी घरगुती कारणास्तव स्वखुशीने राजीनामा देत आहे. माझे कंपनीकडे कोणतेही येणे बाकी नाही." खाली नाव, टोकन नंबर आणि सहीला जागा. तारीख कोरी. त्याच्या घरात काहीही घडलेलं नाही, बंद कारखाना पडतोय! पण या कागदावर सही झाली की कागदोपत्री तो आपणहून गेला, आणि कायद्यानं कपातीच्या व्याख्येतून स्वखुशीची निवृत्ती आधीच वगळलेली आहे. समजा पगार १८,००० आणि नोकरी १४ वर्षं. अर्ध्या महिन्याच्या हिशोबानं भरपाई सुमारे सव्वा लाख होते, नोटिशीचा पगार वेगळा. ती सगळी एका सहीत जाते. ग्रॅच्युइटी तर पाच वर्षं झाली की राजीनामा दिला तरी मिळतेच. तीच 'भरपाई' म्हणून पुढं करत असतील तर हुरळून जाऊ नका.

दुसरं नुकसान ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत कारखाना बंद झाल्यानं किंवा कपातीनं नोकरी गेलेल्या विमाधारकाला जास्तीत जास्त २४ महिने बेरोजगारी भत्ता मिळतो: पहिलं वर्ष पगाराच्या निम्मा, दुसऱ्या वर्षी पाव. तोवर कुटुंबाचे औषधोपचारही चालू राहतात. त्यासाठी वर्गणी पुरेशी भरलेली हवी आणि नोकरी मनाविरुद्ध गेलेली हवी. 'घरगुती कारणास्तव' लिहून दिलेला माणूस तिथं कुठल्या तोंडानं उभा राहणार?

पीएफचं भय निव्वळ बागुलबुवा आहे. खातं यूएएनवर, म्हणजे तुमच्या स्वतःच्या कायमच्या पीएफ नंबरवर असतं. मालकानं नोकरी सोडल्याची तारीख भरली नाही, तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी ती स्वतः ऑनलाइन भरता येते.

एक गोष्ट मात्र नाइलाजानं मान्य करतो. आयातीमुळं बेकार झालेल्यांसाठी खास योजना आपल्याकडं नाही. परदेशी माल पडत्या भावात इथं ओतला जातोय का, याच्या (अँटी-डंपिंगच्या) सरकारी चौकशीत किती नोकऱ्या गेल्या, मजुरी किती घसरली हे तपासतात, पण त्या मालावर लागलेल्या शुल्काचा आधार मिळतो कारखानदाराला. घरी बसलेल्या कामगाराच्या हातात त्यातलं थेट काही पडत नाही. ठेकेदाराकडच्या पोरांचे तर आणखी हाल, कारण कागदावर त्यांचा मालक ठेकेदार. ही तक्रार रास्त आहे आणि ती युनियननं, आमदार-खासदारांनी लावून धरायला हवी. पण म्हणून जे कायद्यात आहे तेही सोडून द्यायचं?

भावाला सांगितलंय: सही करू नकोस. युनिट बंद करत असल्याची नोटीस लेखी माग, पगाराच्या स्लिपा आणि ईएसआय कार्ड जपून ठेव, आणि चौघं-पाचजण मिळून कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात अर्ज द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.