१२०० विरुद्ध ७००: झिर्कोनिया ब्रिजचा चुकलेला हिशोब

कोकणातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: झिर्कोनियाची (दातांच्या कॅप-ब्रिजला वापरतात त्या पांढऱ्या सिरॅमिकची) ताकद १२००, माणसाचा चावा फार तर ७००, म्हणून हा ब्रिज, म्हणजे गेलेल्या दाढेच्या जागी बाजूच्या दातांवरच्या कॅपना जोडून बसवलेली नकली दाढ, तुटूच शकत नाही. सुपारी फोडा, कुर्लीचे डेंगे चावा, आयुष्यभर बघायला नको. दोन्ही आकडे खरे आहेत. त्यावरून काढलेलं एकही अनुमान खरं नाही.

‘१२०० मोठे, ७०० लहान.’ ही दोन वेगळी मापं आहेत. ७०० हे न्यूटन, म्हणजे दाढांनी लावलेला साधारण ७० किलोचा जोर. (रोजच्या भात-माशाला त्याचा लहानसा भागच लागतो.) १२०० हे मेगापास्कल, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला किती न्यूटन ताण आल्यावर मटेरियल मोडतं ते. आकार ठाऊक नसेल तर यांची तुलनाच होत नाही.

सिरॅमिक ब्रिज मोडतो तो बहुधा जोडापाशी, म्हणजे मधली नकली दाढ बाजूच्या कॅपला जिथे जुळते तिथे. वरून दाब आला की खालची बाजू ताणली जाते, म्हणून चीर हिरडीकडून सुरू होते आणि आरशात दिसत नाही. एका दाढेच्या ब्रिजला हा जोड निदान ९ चौरस मिमी हवा, आणि रुंदीपेक्षा त्याची उंची जास्त महत्त्वाची. रुंदी तीच ठेवून उंची ३ वरून २ मिमी केली की ताण सव्वादोन पट होतो. आधाराचे दात झिजून बुटके झाले असतील तर ही उंची मिळतच नाही. तिथे महागड्या ब्लॉकचा (ज्यातून ब्रिज कोरतात त्या झिर्कोनियाच्या ठोकळ्याचा) काही उपयोग नाही. सलग दोन दाढा गेल्या असतील तर अंतर दुप्पट आणि वाक आठपट. अशा वेळी इम्प्लांटचा (जबड्याच्या हाडात बसवलेल्या नकली मुळाचा) विचार आधी करावा.

‘झिर्कोनिया म्हणजे झिर्कोनिया.’ नाही. ९०० ते १२०० ही ताकद पांढऱ्याफटक, अपारदर्शक प्रकाराची. दातासारखी झाक देणारा जास्त पारदर्शक प्रकार जवळपास निम्म्यावर येतो. झिर्कोनियावर पोर्सेलीनचा थर चढवला तर त्या थराची ताकद १००च्या आसपास; आतला सांगाडा शाबूत राहतो आणि वरचा टवका उडतो. मागच्या दाढांना थराशिवायचा, एकसंध ब्रिज मागा.

‘काहीही चावा.’ रोठा सुपारीचं खांड किंवा तिसऱ्यांतला शिंपल्याचा तुकडा सगळा जोर एका टोकावर आणतो. त्या क्षणी ब्रिज तरला, तरी बारीक चीर पडू शकते. लाळेच्या ओलाव्यात आणि रोजच्या चावण्यात ती हळूहळू वाढते आणि पुढे कधीतरी मऊ घास खाताना ब्रिज तुटतो. शिवाय खालचं मूळ तुमचंच आहे. रूट कॅनाल झालेला दात असेल तर ब्रिजच्या आधी तोच उभा चिरू शकतो. सुपारी अडकित्त्याने कातरून घ्या, डेंगे वरवंट्याने फोडून घ्या.

‘आयुष्यभर बघायला नको.’ खरं तर बघायचं ते इथेच. कित्येक ब्रिज तुटलेले नसतानाही काढावे लागतात, कारण कॅपच्या काठाखाली आधाराचा दात किडलेला असतो. वॉरंटी कार्ड नीट वाचा. हमी बहुधा मटेरियलची असते, तुमच्या दाताची नाही. नकली दाढेखालून रोज रात्री सुपरफ्लॉस (ब्रिजखालून ओवता येणारा, कडक टोकाचा दोरा) फिरवा. ब्रिज दाबल्यावर काठातून लाळेचे बुडबुडे आले किंवा वास सुटला तर एका बाजूचं सिमेंट सुटलेलं असू शकतं. दुसरी बाजू घट्ट असल्यामुळे ब्रिज हलत नाही, आणि आत कीड वाढत राहते. दुखायची वाट न बघता दाखवा.

बसवायच्या दिवशी खूण उमटवणारा निळा कागद चावून उंच लागणारे ठिपके शोधले जातात. ते बारीक डायमंडने (हिऱ्याची पूड लावलेल्या घासणीने), पाणी मारत घासायचे आणि त्या जागी पुन्हा आरशासारखं पॉलिश करायचं. ही शेवटची पायरी गाळली तर खडबडीत जागा समोरच्या दाताचं एनॅमल खाते, आणि चिरेची सुरुवातही तिथूनच होऊ शकते. झोपेत दात खाण्याची सवय असेल तर ते माप घेण्याआधी सांगा, म्हणजे ब्रिजसोबत रात्री घालायचा कडक ॲक्रिलिकचा गार्डही बनवून घेता येईल.