आजीला गुलाब नको, काम द्या

गेल्या वर्षी जुलैच्या चौथ्या रविवारी आमच्या चर्चमध्ये आजी-आजोबा दिन झाला. पोप फ्रान्सिसनी २०२१ मध्ये हा दिवस सुरू केला, येशूचे आजी-आजोबा म्हणजे संत योहाकीम आणि अन्ना यांचा सण २६ जुलैला असतो म्हणून त्याच्या आसपासचा रविवार. मिस्सा (चर्चमधली रविवारची उपासना) संपल्यावर सगळ्या म्हाताऱ्यांना पुढे बोलावलं, प्रत्येकाला प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक गुलाब, युवकांचं एक गाणं, टाळ्या, ग्रुप फोटो. बाहेर धो धो पाऊस. रिक्षात बसल्यावर सासूबाईंनी (वय ८१, मुलगा झाल्यापासून मीही त्यांना आजीच म्हणते) तो गुलाब माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "चाळीस वर्षं पहाटेच्या गाडीनं दादरला चाफा पाठवला मी. मला एक फूल देऊन काय होणार? त्यापेक्षा काहीतरी काम सांगायचं होतं."

मी हसले. पण घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यातून जाईना, कारण तिचं काम काढून घेणारी मीच.

झालं असं की तीन वर्षांपूर्वी ती विहिरीजवळ शेवाळावर घसरली. हाड वाचलं, पण आम्ही घाबरलो आणि एकेक करून सगळं बंद केलं. वाडीत जायचं नाही, गॅसजवळ यायचं नाही, राजेळी केळी सोलून सुकेळी वाळत घालायची तीही नाही. "आई, तू आता बस." प्रेमानंच म्हणायचो हो. आणि ती बसली. टीव्हीसमोर बसली, मग टीव्हीही बघेना, जेवण कमी झालं, संध्याकाळी जपमाळ करताना मध्येच झोप लागायची. डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट बघितले, नॉर्मल.

आपल्याकडे सेवा म्हटलं की डोळ्यासमोर एकच चित्र येतं, तरुण देतात आणि म्हातारे घेतात. पवित्र गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, आपण दरवर्षी योहानाच्या शुभवर्तमानातला पाय धुण्याचा प्रसंग ऐकतो आणि बोध काय घेतो, तर येशूसारखे नम्र व्हा, दुसऱ्याचे पाय धुवा. बरोबर आहे. पण त्यात येशूचा शिष्य पेत्र आहे ना, तो पाय मागे घेतो! म्हणतो माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत. आणि येशू त्याला सरळ सांगतो की मग तुझा माझा काही संबंध नाही. म्हणजे दुसऱ्याकडून करून घेणं हाही सेवेचाच भाग झाला आणि तो जास्त अवघड. त्या दिवशी चर्चमध्ये फादर काही जणांचे पाय धुतात; २०१६ पासून या विधीसाठी बायकांनाही अधिकृतपणे बोलवायला लागले, तेव्हा एका वर्षी आजीचा नंबर लागला होता. तर बाईनं निघण्यापूर्वी मोरीत बसून दगडानं दोनदा टाचा घासल्या. मी म्हटलं फादर धुणारच आहेत, तर म्हणे घाणेरडे पाय कसे पुढे करायचे. पेत्राचीच नात!

आणि आता मी तिच्या जागी पेत्र झाले होते. तिला माझ्यासाठी काही करायचं होतं आणि मीच पाय मागे घेत होते.

पुढचं काही आम्ही ठरवून केलेलं नाही. आमच्या आळीच्या टोकाला एक मावशी होत्या, अर्धांगवायू होऊन अंथरुणाला खिळलेल्या. सून नोकरीला, मुलगा बोटीवर. ऑगस्टमध्ये आजी एक दिवस म्हणाली, चार वाजता मी तिच्याकडे जाऊन बसते, जपमाळ करते. रस्त्यात खड्डे, पाणी, म्हणून माझ्या मुलाला (आठवीत) सोबत पाठवलं, फक्त सोडायला आणि आणायला. पहिला आठवडा त्यानं तोंड वाकडं केलं, ओट्यावर बसून मोबाईल. मग एकदा मावशींना कुशीवर वळवायला आजीची ताकद पुरेना म्हणून त्याला आत बोलावलं. पडून असलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते नाहीतर पाठीला जखमा होतात, हे मला चाळिशीत कळलं, त्याला तेराव्या वर्षी कळलं. चादर न ओढता कसं वळवायचं, चमच्यानं पाणी देताना डोकं किती उचलायचं, सगळं आजीनं दाखवलं. तिनं तिच्या सासूचं केलं होतं ना.

अजून एक गंमत. आमच्या पोराला कादोडी, म्हणजे आमची वसईची बोली, समजते पण बोलायची लाज. त्या दोघी म्हाताऱ्या कादोडीशिवाय बोलणार नाहीत. दिवाळीपर्यंत हा घरी येऊन माझ्याशी कादोडीत भांडायला लागला. 😄 लेखक-धर्मगुरू फादर दिब्रिटोंबरोबर वसईची हिरवाई वाचवायच्या 'हरित वसई'च्या मोर्चाला ही म्हातारी मंडळी गेली होती, ते त्याला माझ्याकडून नाही, त्या अंथरुणावरच्या मावशींकडून कळलं. त्याला फादर म्हणजे साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले एवढंच माहीत होतं. त्या मावशींनीही त्याला काहीतरी दिलंच की, झोपल्या झोपल्या.

आजीचं म्हणाल तर जेवण वाढलं. साडेतीनला केस विंचरून तयार. हार्वर्डवाले म्हणे १९३८ पासून माणसांच्या आयुष्याचा अभ्यास करतायत आणि त्यांना दिसलं की म्हातारपणी तब्येत टिकायला चांगली नाती फार मोठी गोष्ट असते. असेल. मी एवढंच बघितलं की कोणीतरी आपली वाट बघतंय हे कळल्यावर ती जिना स्वतः उतरायला लागली.

आता जरा कडू बोलते. सेवा सेवा करताना ती करायची कोणी? घरोघरी बघा, सून. नोकरी, विरार लोकल, स्वयंपाक, वर सासू-सासऱ्यांचं अंथरूण, आणि ती दमली म्हटलं की लगेच "आपला क्रूस आपण उचलायचा" असा उपदेश. मला हे अजिबात पटत नाही. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय उघडून बघा. पहिल्या मंडळीत तक्रार आली की काही विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय. प्रेषितांनी काय केलं, घरातल्या बायकांना आणखी काम लावलं का? सगळ्यांना बोलावून सात जण निवडायला सांगितले, स्तेफन, फिलिप वगैरे. सातही पुरुष! म्हाताऱ्या बायकांना जेवण नीट पोचतंय का बघायला सात पुरुष नेमले. हे वाचन झाल्यावर आमच्याकडे पुरुषांच्या बाकांवर कोणी दचकलेलं मी तरी पाहिलं नाही. माझा नवरा हे वाचेलच, असो, तो आता शनिवारी आजीला आंघोळीचं पाणी काढून देतो, कपडे धुतो, सुरुवात म्हणून ठीक आहे.

तरुणांबद्दलही बोलते. सेंट विन्सेंट दी पॉल सोसायटी आपल्याला माहीत असते, गरिबांच्या घरी जाऊन भेटणारी. १८३३ साली पॅरिसमध्ये ती सुरू केली फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या कॉलेजच्या मित्रांनी, ओझानाम तेव्हा वीस वर्षांचा होता. गरिबाच्या घरी कसं जायचं, काय बोलायचं हे त्या पोरांना शिकवलं सिस्टर रोझाली रेंद्यूनी, पन्नाशीकडे झुकलेल्या. म्हणजे हात विशीतले आणि अनुभव पन्नाशीचा. आज सोसायटीतर्फे घरोघर फिरणारी मला बहुतेक रिटायर्ड माणसंच दिसतात. दोष त्यांचा नाही, आम्हीच पोरांना क्लासला सोडतो, आजाऱ्याकडे नेत नाही. नाताळात वृद्धाश्रमात केक घेऊन न्यायचं, सेल्फी, स्टेटस, परत. पुढच्या नाताळापर्यंत त्या म्हाताऱ्यांचं नावही आठवत नाही.

मावशी ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात गेल्या, मार्चमध्ये. खांदा द्यायला माझा मुलगा पुढे झाला, उंची कमी पडत होती तरी हात लावून चालला. रडला नाही, घरी येऊन पंख्याखाली पालथा पडून राहिला. मला वाटलं आता संपलं हे सगळं, आजी पुन्हा टीव्हीसमोर.

सोमवारी चारला बघते तर आजी चपला घालून दारात आणि हा तिची काठी घेऊन उभा. मी विचारलं आता कुठे? तर पलीकडच्या आळीतले एक रिटायर्ड मास्तर, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, एकटे राहतात, त्यांना पेपर वाचून दाखवायचा म्हणे. मुलगा म्हणाला, त्यांच्याकडे मोठा कुत्रा आहे. आजी म्हणाली, मग काठी कशाला आहे, चल.