धरणांइतकाच पाणलोटाच्या जमिनीवरही खर्च करा

मुंबईच्या पाण्याविषयी बोलताना आपण धरणांची पातळी पाहतो, गळती मोजतो, भांडुपच्या शुद्धीकरण केंद्राच्या क्षमतेची चर्चा करतो. पण ज्या उतारांवरून ते पाणी धरणात येते त्या जमिनी राखण्यासाठी सरकारने स्वतंत्र निधी ठेवावा, अशी मागणी क्वचितच ऐकू येते. ती मला आग्रहाने करावीशी वाटते.

विहार तलाव १८६० मध्ये बांधून झाला, तुळशी १८७९ मध्ये आणि पवई १८९० च्या सुमारास. विहार आणि पवई तर एकमेकांना लागूनच आहेत. विहार-तुळशीचे पाणलोट क्षेत्र आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहे, आणि त्यांचे पाणी, थोडे का होईना, मुंबई अजूनही पिते. पवईभोवती मात्र वस्ती आणि टॉवर उभे राहिले, सांडपाणी तलावात उतरले. नाल्यांच्या तोंडाशी जलपर्णी इतकी दाट माजते की खाली पाणी आहे हे दिसतही नाही. ती काढण्यावर महापालिका वारंवार खर्च करते, तरी ते पाणी पिण्याच्या कामी येत नाही. पाऊस तोच, डोंगरही तेच. फरक पडला तो भोवतालच्या जमिनीमुळे.

आता आपली भिस्त भातसा, तानसा आणि वैतरणेवर आहे. तानसाभोवती अभयारण्य आहे, हे आपले भाग्यच. पण शहापूर-मोखाड्याकडच्या खासगी माळांचे काय? समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून गेल्यावर तेथे फार्महाऊससाठी गिऱ्हाईक वाढणारच. झाडोरा गेलेल्या उतारावरून पहिल्याच पावसात तांबडी माती धरणात उतरते, साठा घटतो, गढूळपणा वाढतो, आणि तो काढायला तुरटीचा व पाणी निर्जंतुक करायला क्लोरीनचा खर्चही वाढतो.

न्यूयॉर्कने १९९७ मध्ये राज्य सरकार, केंद्रीय यंत्रणा आणि कॅटस्किल डोंगरातील गावे यांच्याशी करार केला. विकायला राजी असणाऱ्यांकडूनच शहर जमीन घेते. काही ठिकाणी मालकी शेतकऱ्याकडेच राहते आणि शहर केवळ बांधकामावरील निर्बंधाचा मोबदला देते. घेतलेल्या जमिनीवरचा स्थानिक करही शहर भरते. त्यामुळे अब्जावधी डॉलरचे गाळणी केंद्र त्या पाण्यासाठी उभारावे लागले नाही.

आपल्याकडे हाच प्रश्न न्यायाचाही आहे. भातसा आणि तानसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तेथील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. अशा माणसांना निव्वळ निर्बंध सांगणे मला अन्यायाचे वाटते. म्हणून राज्य सरकार आणि मुंबई महापालिका यांनी पाणीपट्टीतला ठरावीक हिस्सा पाणलोट निधीत घालावा; त्यातून उतार न विकणाऱ्या, झाडोरा राखणाऱ्या शेतकऱ्याला दरवर्षी मोबदला द्यावा, ग्रामसभेच्या संमतीनेच जमीन घ्यावी, आणि निधीतला पहिला खर्च त्या पाड्यांच्या नळपाणी योजनांवर व्हावा.