पिनवालं मीटर खरंच टाकाऊ आहे का?

लाकडातला ओलावा मोजणाऱ्या मॉइश्चर मीटरबद्दल हौशी सुतारकाम करणाऱ्यांमध्ये एक सल्ला सारखा फिरतो: "पिनवालं मॉइश्चर मीटर घेऊ नका, लाकडाला भोकं पडतात. पिनलेस जास्त अचूक. आकडा १२ टक्क्यांच्या खाली आला की लाकूड तयार."

भोकं पडतात, पण टाचणीएवढी. फळी पुढे रंध्याखाली जाणारच असते. पॉलिश झालेल्या टेबलाचं म्हणत असाल तर मान्य.

"पिनलेस जास्त अचूक" हे मात्र सरसकट खरं नाही. पिनवालं मीटर लाकडात दोन पिना टोचून त्याचा विद्युतरोध मोजतं; ओलावा जास्त तेवढा रोध कमी. पिनलेस मीटर न टोचता वरूनच विद्युतक्षेत्र सोडतं आणि त्याच्यावर पाण्यासोबत लाकडाच्या घनतेचाही परिणाम होतो. हलक्या लाकडाच्या सेटिंगवर शिसम मोजलं तर कोरडं असूनही ओलं दिसेल. शिवाय सेन्सर पूर्ण टेकावा लागतो, त्यामुळे इंचभर रुंदीच्या पट्ट्या आणि बाक आलेल्या फळ्या त्याच्या कामाच्या नाहीत. मीटर १९ मिमी खोल बघत असेल आणि फळी १२ मिमीची असेल, तर खालच्या टेबलाचाही हिशोब आकड्यात येतो. अशी फळी अधांतरी धरून मोजायची.

पिनवालंही धुतल्या तांदळासारखं नाही. बऱ्याच मीटरचं मूळ कॅलिब्रेशन, म्हणजे आकड्यांची जुळवणी, डग्लस फर या अमेरिकी लाकडावर, २० अंशांना केलेलं असतं. मे महिन्यात नागपुरातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ते दीड-दोन टक्के जास्त दाखवू शकतं. सागवानात आखूड पिना वरवरच घुसतात, म्हणून फळी टोकापासून जरा आत कापून ताज्या कापाच्या मध्यावर टोचा.

सगळ्यात घातक तो १२ चा आकडा. तीस अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रतेत लाकूड १७ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतं, ३० टक्के आर्द्रतेत सहाच्या आसपास. म्हणजे १२ टक्क्यांची फळी रत्नागिरीच्या जुलैत फुगेल आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात आकसेल. लाकडातला ओलावा किती चालेल ते सांगणारं आयएस २८७ हे भारतीय मानक उगाच देशाचे चार विभाग करत नाही. नवी फळी तुमच्या खोलीत काही महिने पडून असलेल्या त्याच जातीच्या तुकड्याशी ताडून बघा.

मीटर घेताना लाकडाच्या जातींचे गट किंवा दुरुस्तीचा तक्ता आहे का, पिना बदलता येतात का, एवढं पाहा. मग एकदा पडताळा: तुकड्यावर मीटरचा आकडा घ्या, तो वजन करून ओव्हनमध्ये १०३ अंशांना ठेवा आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत सुकवा. ५६ ग्रॅमचे ५० झाले, तर घटलेले ६ भागिले ५०, म्हणजे १२ टक्के. मीटरने १५ दाखवले असतील, तर त्या जातीसाठी साधारण त्याच ओलाव्यावर ३ वजा करायचे.