बावीस पेशंट, दोन सिस्टर

गेल्या आठवड्यातली गोष्ट. रात्रीचे पावणेतीन. नऊ नंबरच्या पेशंटचा मुलगा नर्सिंग स्टेशनवर आला आणि टेबलावर हात आपटून ओरडला, "सगळ्या सिस्टर झोपल्यात का इथे? अर्धा तास बेल दाबतोय!" स्टेशनवर कुणीच नव्हतं, त्यामुळे तो आणखी भडकला. मी तेव्हा चार नंबरच्या बेडवर गुडघा टेकवून एका काकांची छाती दाबत होते. माझ्यासोबतची मुलगी, नोकरीला लागून जेमतेम चार महिने झालेली, क्रॅश कार्टमधलं, म्हणजे इमर्जन्सीच्या औषधांच्या ट्रॉलीतलं, ॲड्रिनॅलिन भरत होती. आरएमओ, म्हणजे ड्युटीवरचे निवासी डॉक्टर, श्वासाची नळी टाकत होते. पडदा ओढलेला होता. त्या मुलाला आम्ही दिसत नव्हतो, दिसत होती फक्त रिकामी खुर्ची.

त्याच्या वडिलांचं सलाईन संपलं होतं.

सलाईन संपून नळीत रक्त उलटं चढलेलं दिसलं की घरच्यांच्या पोटात गोळा येतो, हे मला माहीत आहे. खरं तर बाटली संपली की थेंब थांबतात, नळीत थोडं रक्त येतं, फार तर कॅन्युला, म्हणजे शिरेत टोचलेली बारीक नळी, ब्लॉक होते आणि पुन्हा टोचावं लागतं. जिवाला लगेच धोका नसतो. पण हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. सांगायचं काम माझंच होतं, आणि संध्याकाळपासून मला त्यासाठी दोन मिनिटं मिळाली नव्हती.

काकांचे ठोके परत आले, त्यांना आयसीयूत हलवलं. मग मी नऊ नंबरकडे गेले. तो मुलगा अजून तोंडाला येईल ते बोलत होता. मी एवढंच म्हटलं, "दादा, आज या वॉर्डात बावीस पेशंट आहेत आणि सिस्टर आम्ही दोघी." तो गप्प झाला. थोड्या वेळाने म्हणाला, "हे आम्हाला ॲडमिट करताना कुणी सांगितलंच नाही."

ते वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहितेय.

मी मूळची लातूर जिल्ह्यातली. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून २००८ साली पुण्यात आले. पहिला पगार साडेचार हजार. हडपसरला कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरतं भाडं भरून, राहायचे, एका खोलीत पाच जणी, कुणाची नाइट, कुणाची मॉर्निंग, त्यामुळे खोलीत सलग झोप कुणालाच मिळायची नाही. तेव्हापासून चार हॉस्पिटलं झाली, लहान-मोठी सगळी. एकाचंही नाव घेणार नाही. जे सांगतेय ते चारही ठिकाणी पाहिलेलं आहे.

नर्सिंगच्या पुस्तकात आम्ही निकष पाठ करतो. केंद्र सरकारच्या स्टाफ इन्स्पेक्शन युनिटचा हिशोब जनरल वॉर्डात सहा पेशंटमागे एक परिचारिका असा आहे, आयसीयूत एकाला एक, आणि सुट्ट्या-रजांसाठी वर ४५ टक्के जादा माणसं. परीक्षेला हा प्रश्न हमखास येतो. मग नोकरीला लागल्यावर पहिल्याच नाइटला अकरा पेशंट हातात मिळतात.

अकरा म्हणजे काय, ते मिनिटांत सांगते. रात्री आठ ते सकाळी आठ, १२ तास, ७२० मिनिटं. अकरा पेशंटना भागली तर प्रत्येकाच्या वाट्याला पूर्ण रात्रीत ६५ मिनिटं येतात. त्यातून सुरुवातीचा आणि शेवटचा हँडओव्हर (पाळी बदलताना पेशंटची माहिती देणं-घेणं), नोट्स लिहिणं, औषधं मागवणं, लॅबला फोन, ब्लड बँकेला फोन, नवीन ॲडमिशन, हे सगळं वजा करा. उरतात तीस-चाळीस मिनिटं. एवढ्यात त्याचं बीपी, ताप, शुगर, लघवीचं माप, दोन-तीन वेळची इंजेक्शनं, ड्रेसिंग, युरिन बॅग रिकामी करणं. एकेक अँटिबायोटिक घाईने देताच येत नाही. व्हँकोमायसिन तासाभरापेक्षा लवकर सोडलं तर अंग लाल होऊ शकतं, खाज सुटते, बीपी पडू शकतं. ते संथ सोडून पुढच्या बेडवर जायचं, तिकडून परत येऊन बघायचं, आणि मधे बेल वाजली की तिकडे पळायचं.

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते मात्र वेगळ्याच गोष्टीबद्दल. माणसं कमी असली म्हणून इंजेक्शन चुकत नाही. ते आम्ही कसंही करून देतो, कारण ते फाइलीवर लिहावं लागतं, त्याची वेळ टाकून सही करावी लागते. सुटतं ते दुसरंच. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची कूस दर दोन तासांनी बदलायची असते, आणि जड माणसाची कूस एकटीने बदलता येत नाही, दोघी लागतात. म्हणजे एका आजोबांसाठी रात्रीत सहा वेळा दोघींनी बाकी वीस-एकवीस पेशंट सोडून तिथे उभं राहायचं. होत नाही. दोनदा होतं, तीनदा होतं. पाचव्या दिवशी त्यांच्या माकडहाडापाशी कातडी लाल दिसते, दाबली तरी पांढरी होत नाही, आणि मला कळतं की बेडसोर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, सुरू झाला. फाइलीत "पोझिशन चेंज्ड", म्हणजे कूस बदलली, असं लिहिलेलं असतं. ते कुणी लिहिलं? आम्हीच. हे मी पहिल्यांदा उघडपणे लिहितेय आणि लिहिताना हात जड झालाय.

तोंडाची स्वच्छता सुटते. पाठीला पावडर लावणं सुटतं. ऑपरेशनच्या आदल्या रात्री घाबरून जागी असलेल्या बाईजवळ दोन मिनिटं बसणं सुटतं. मागच्या वर्षी एक आजी मला रोज म्हणायच्या, "बाळा, बस ना जरा." मी रोज म्हणायचे, "आले हं आजी." एका सकाळी ड्युटीवर आले तेव्हा त्यांचा बेड रिकामा होता आणि मावशी गादी पुसत होत्या. त्यांच्या उपचारात काहीही कमी पडलं नव्हतं. ऑडिटला फाइल काढली असती तर एकही जागा रिकामी सापडली नसती.

ऑडिटचं निघालंच आहे तर तेही सांगते. ॲक्रेडिटेशन, म्हणजे हॉस्पिटलच्या दर्जाची बाहेरून होणारी तपासणी आणि मान्यता, असावं, त्याने हॉस्पिटलं सुधारली, हे मी स्वतः पाहिलंय. हात धुण्यापासून औषधांच्या लेबलपर्यंत शिस्त आली. पण नवा फॉर्म आला की त्यासोबत नवं माणूस येत नाही. पडण्याचा धोका, बेडसोरचा धोका, वेदनेचा स्कोअर, आयव्ही साइटचा, म्हणजे सलाईन टोचलेल्या जागेचा स्कोअर, सगळं पाळीगणिक भरायचं. बेडसोरचा धोका मोजणारा फॉर्म भरण्यात जो वेळ जातो, त्यात एक कूस बदलून झाली असती.

डिस्चार्जच्या दिवशीचं वेगळंच. डॉक्टर सकाळी नऊला "आज घरी" म्हणून जातात. इन्शुरन्सची मंजुरी येते दुपारी चारला, कधी रात्री. बिल आम्ही करत नाही, मंजुरी आमच्या हातात नाही, टीपीए, म्हणजे इन्शुरन्सचे क्लेम बघणारा डेस्क, खालच्या मजल्यावर. पण समोर दिसते ती सिस्टर. शिव्या तिला.

आणि कधी शिव्यांवर थांबत नाही. महाराष्ट्रात २०१० पासून वैद्यकीय सेवेतल्या माणसांवर हल्ला करणाऱ्यांविरुद्ध कायदा आहे, त्यात परिचारिकाही येतात, तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड आहे. माझ्या एका सहकारी मुलीला एका नातेवाइकाने ढकललं, तिचं मनगट सुजलं. तिला ऑफिसात बोलावून चहा दिला आणि सांगितलं, जाऊ दे, हॉस्पिटलचं नाव खराब होईल. तिने तक्रार केली नाही. मी तिला जोर दिला नाही, ही माझी चूक झाली असं मला आजही वाटतं.

पगाराबद्दल लोकांना वाटतं, खासगी हॉस्पिटलात चांगला असेल. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये खासगी हॉस्पिटलांतल्या परिचारिकांच्या पगाराचा प्रश्न समिती नेमून सोडवायला केंद्राला सांगितलं. समितीने शिफारस केली: २०० हून जास्त खाटांच्या हॉस्पिटलात सरकारी परिचारिकेइतका पगार, १०० हून जास्त खाटा असतील तर त्यापेक्षा फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांना फार तर २५ टक्के कमी, आणि ५० पेक्षा कमी खाटांच्या ठिकाणीसुद्धा महिना २० हजारांच्या खाली नाही. अंमलबजावणी राज्यांवर सोपवली. केरळमध्ये नर्सेस संघटित होत्या, त्या रस्त्यावर उतरल्या, २०१८ मध्ये तिथे किमान वेतनाची अधिसूचना निघाली. माझ्या ओळखीतल्या मुली आजही पुण्यात छोट्या नर्सिंग होममध्ये वीस हजारांच्या खाली काम करतात, आणि त्यातून कॉटचं भाडं, मेस आणि घरी पाठवायचे पैसे काढतात.

त्यांना नोकरी सोडून जाताही येत नाही, कारण जॉइन होताना ओरिजिनल मार्कशीट आणि रजिस्ट्रेशन जमा करून घेतलेलं असतं. दोन वर्षांचा बाँड. नांदेडच्या एका मुलीला वडील आजारी पडले म्हणून मधेच जायचं होतं, तिला कागदांसाठी पैसे भरावे लागले. बावीस-तेवीस वर्षांच्या पोरीला "हे असं ठेवून घेता येत नाही" म्हणायचं धैर्य कुठून येणार?

१२ मे, परिचारिका दिन, आला की आम्हाला गुलाबाचं फूल मिळतं, केक कापतात आणि भाषणात "सेवा" हा शब्द दहा वेळा येतो. तो शब्द मला परका नाही. याच पुण्यात १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले मुंढव्याहून आजारी पोराला पाठीवर घेऊन आल्या आणि त्याच साथीत गेल्या. याच पुण्यात १९०९ साली रमाबाई रानड्यांनी सेवासदन काढलं आणि विधवा, परित्यक्ता बायकांना ससून हॉस्पिटलमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं. पण रमाबाईंनी त्या बायकांना नर्सिंग शिकवलं ते त्यांना स्वतःच्या पायावर उभं राहता यावं म्हणून. कुणी राबवून घ्यावं म्हणून नाही. मे २०२२ मध्ये सरकारी परिचारिका कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर गेल्या तेव्हा "सेवा करणाऱ्यांनी संप कसा करावा" असं शिकल्यासवरल्या लोकांनी मला विचारलं. २०२० च्या मार्चमध्ये आमच्यासाठी थाळ्या वाजवणारे हेच लोक.

माझ्या वॉर्डातल्या तीन मुली सध्या जर्मन शिकतायत. नाइट संपवून सकाळी क्लासला जातात, बसमध्ये पेंगत. बी-टू ही भाषेची परीक्षा पास झाली की जर्मनीला नोकरीला जाणार. मी त्यांना अडवणार नाही, उलट फीसाठी एकीला पैसे दिलेत. त्या गेल्या की त्यांच्या जागी पुन्हा चार महिन्यांच्या अनुभवाची मुलगी येईल आणि रात्री तिच्याही हातात अकरा पेशंट असतील.

माझी एकच मागणी आहे. प्रत्येक वॉर्डाच्या दारावर, दर पाळीला, लोकांना दिसेल अशी पाटी लावा: आज पेशंट किती, रजिस्टर्ड परिचारिका किती. ट्रेनी वेगळ्या मोजा, मावशी-मामा वेगळे मोजा. ऑपरेशनचे दर लावता, डॉक्टरांच्या डिग्र्या लावता, मग हे लावायला काय हरकत आहे? खडूने लिहिलं तरी चालेल. त्या मुलाला संध्याकाळीच ती पाटी दिसली असती तर तो रात्री कुणावर ओरडला असता, याचा मी खूप विचार केलाय. माझ्यावर नक्कीच नाही.

तोपर्यंत तुम्ही एवढं करा. घरातलं कुणी ॲडमिट होणार असेल तर रूमचं भाडं विचारता, कॅशलेस आहे का विचारता, त्याच काउंटरवर आणखी एक विचारा: या वॉर्डात रात्री किती पेशंटमागे किती सिस्टर असतात? "पुरेशा असतात" असं उत्तर मिळेल. आकडा मागा.